वाट पाहण्याची रूपं

पहूर
५ मे २०२५

चिरंजीव योगराज यास आईचा आशीर्वाद. अर्धा आत्ता घे, उरलेला द्यायचा का ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

मी बरी आहे. गुडघे दुखतात, ते आता मरेपर्यंत दुखणार, त्यांची चौकशी करू नको. उन्हानं केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या आहेत. शेजारच्या भिकुबाईची म्हैस व्याली, पारडू गेलं. सुरतेला तुम्ही सगळे खुशाल असाल. सूनबाईला सांग, पापड झालेत, कोणी येणारं असलं की पाठवते.

तुला वाटेल, घरात फोन असताना म्हातारीनं कागद का काढला. फोनवर दिपमालाचं नाव निघालं की तू फोन कापतोस. कागद फाडता येतो, पण त्यासाठी आधी तो हातात धरावा लागतो. मी तिसरी शिकलेली, काना-मात्रा चुकेल. भाविका म्हणाली, "आजी, मी तपासून देते." म्हटलं, तू तुझं इंग्रजी बघ.

त्या इंग्रजीचंच सांगायचं आहे.

तुझी ही भाची दिवाळीपासून माझ्याकडे आहे. इकडची शाळा चांगली म्हणून दिपमालानं पाठवली, असं मी गल्लीत सांगत होते. आठवीच्या तोंडी परीक्षेला बाईंनी प्रत्येकीला एक क्रियापद निवडायला सांगितलं. ते सगळ्या काळांत चालवायचं आणि वाक्यं घरातल्या माणसावर करायची. भिकुबाईच्या नातीनं 'कुक' घेतलं. आमच्या बाईसाहेबांनी 'वेट' घेतलं. वेट म्हणजे वाट पाहणं.

रोज संध्याकाळी ओट्यावर बसून घोकायची. आय वेट, यू वेट, शी वेट्स. मी गहू निवडत ऐकायची. एक दिवस म्हटलं, पोपटासारखं काय बोलतेस, मराठीत सांग. तर म्हणाली, "आई वाट पाहते. आईनं वाट पाहिली. आई वाट पाहत आहे. आई केव्हापासून वाट पाहत आली आहे. आई वाट पाहील."

म्हटलं, "एवढी रूपं? आपल्यात तर एकच. मान खाली घालून बसायचं."

"अजून आहेत ना आजी. हे हुकुमाचं. वेट! थांब, वाट पाहा."

"ते मला येतं. तुझ्या मामाचं तेच चालतं. तुझ्या आईला माहेरी आण म्हटलं की, थांब, पुढच्या आखाजीच्या सणाला बघू."

भिकुबाई ओट्याखाली उभी होती, ती हसली. पोरगी हसली नाही. म्हणाली, "आणि हे जर-तरचं. मामा आला असता तर आईला वाट पाहावी लागली नसती. बाई म्हणाल्या, बरोबर आहे."

भिकुबाई पदर सावरत आपल्या घरात गेली. ती कधी आपण होऊन घरात जात नाही.

योगराज, तुझा राग मला माहीत आहे. दोंडाईच्याला दिपमालाच्या नणंदेच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना नावं पुकारून टॉवेल-टोपी दिली, आणि घरच्या सुनेचा सख्खा भाऊ मांडवात तसाच उभा राहिला. चुकलं त्यांचं. तेव्हा मीही म्हटलं होतं, मान नाही तिथं पाय नाही. पण आखाजीला मुराळी जातो तो व्याह्यांसाठी जातो का? बहिणीला माहेरी आणायला जातो. मुराळी आल्याशिवाय ती माणसं सुनेला उंबरा ओलांडू देत नाहीत, हे तुला काय सांगायचं. एका टोपीपायी तू बहीण तिथंच ठेवलीस. सुरतेहून येताना तुझी गाडी दोंडाईच्याला थांबते. तू खिडकीतून चहा घेतोस आणि जळगावला उतरतोस. तिच्या ओट्यावर गाडीची शिट्टी ऐकू येते, हे मला भाविकानं सांगितलं.

आणखी एक सांगितलं. ते लिहायचं जिवावर आलं म्हणून तर मी पापडाचं नि पारडाचं लिहीत बसले.

गेल्या वर्षीच्या आखाजीला दिपमाला पिशवी भरून ओट्यावर बसली होती. उन्हं उतरली, गाडी येऊन गेली. सासू म्हणाली, "तुना भाऊ मरी गया का?" दिपमाला एवढंच म्हणाली, "माझा भाऊ जिता आहे." उलट बोलली म्हणून रुपचंदनं पिशवी धरलेला हात पिरगाळला. जावईबापू म्हणायचं त्याला. मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं नाही, हळद लावून फडकं बांधलं. हाड वाकडं सांधलं. पोरीला आईनं शपथ घातली होती, आजीला सांगायचं नाही, मामाला तर नाहीच, तो भांडायला येईल.

ऐकलंस? तिला वाटत होतं, तू निदान भांडायला तरी येशील.

मग मी गेले. यंदाच्या आखाजीच्या आदल्या दिवशी. पेटीतून तुझ्या लग्नातली टोपी काढली, पिशवीत घातली, जळगावहून गाडी धरली. त्यांच्या दाराशी पोचल्यावर डोक्यावर पदर घेतला आणि पदरावर टोपी घातली. गल्लीतली पोरं खिदळली. म्हटलं, हसा रे बाबांनो, नीट बघून हसा.

सासू खाटेवर बसलेली. "मुराळी कोठे शे?"

"हा काय समोर उभा आहे."

"बाईमाणूस कधी मुराळी ऱ्हास का?"

"घरातला पुरुष रुसून बसला की राहते. मुराळ्याला पाणी द्या आधी."

नातू झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आपली रीत. भाविका झाली तरी मी ती सोडली नाही, कारण झाली ती मुलगी. त्या दिवशी प्याले. दिपमालानं तांब्या पुढं केला तो डाव्या हातानं. कुणाला चिमूटभर मीठसुद्धा डाव्या हातानं न देणारी माझी पोर.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. काय बोलायचं ते गाडीत घोकून घेतलं होतं, भाविकासारखं. काही लागलं नाही. रुपचंदनं मोबाईलमधून मान वर काढली नाही. सासू म्हणाली, "लई जा. तिना हात कामना नही ऱ्हायना." दूध आटलेली शेळी सोडून देतात तसं सोडलं. आपण रीतीची आणि मानाची भाषा बोलत राहिलो. त्यांना भाकरी थापणारा हात हवा होता, तो गेला तर दार सताड उघडं.

आल्यापासून ती बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते. आखाजीची मेंदी भाविकानं तिच्या डाव्या तळव्यावर काढली, उजवा हात तिनं पदराबाहेर काढलाच नाही. कडुनिंबाला झोका बांधला होता. त्यावर शेजारच्या पोरी खेळल्या. परीक्षा होऊन गेली तरी भाविका सवयीनं ओट्यावर बसून पुन्हा वेट, वेटेड सुरू करते. काल ते ऐकून दिपमाला म्हणाली, "बस कर गं आता." आल्यापासून बोलली ते एवढंच.

जळगावला हाडाच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, नीट करायचं तर हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल. पुन्हा मोडायचं ऐकून तिनं मान हलवली. हो म्हणाली का नाही, ते मला कळलं नाही, डॉक्टरलाही नाही.

सुटीला तुम्ही यायचं म्हणता. या. तुझी खोली दिपमालाला दिली आहे, ती परत मागायची नाही. तू ओट्यावर झोप. तिच्यापुढं रडू नको. माफी तर मागूच नको, तिला उगाच उत्तर देण्याचे कष्ट पडतील. पेटीत टोपी शोधू नको. ती मी डोक्यावर घातली, आता ती माझी.

आणि येताना दोंडाईच्याला गाडी थांबेल तेव्हा खुशाल चहा घे. आता तिथं तुझी वाट पाहणारं कोणी नाही.

उरलेला आशीर्वाद तुझ्या लेकरांना दे.

दिपमालाचा मुराळी,
बेबाबाई