मोगऱ्याची फुलं

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ जुलै १९५८

ती. आईस जयवंतीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेत सध्या उंदरांवर काम चालू आहे. पिल्लू प्यायला लागलं की नसांतून मेंदूला कळतं, मेंदूजवळच्या ग्रंथीचा रस रक्तात उतरतो आणि पान्हा फुटतो.

सुहासला तुझ्यापाशी ठेवून आले, तरी शेजारचं तान्हं रडलं की माझी चोळी भिजायची. घरमालकीण कृष्णवेणीबाई म्हणाल्या, "छातीला मोगऱ्याची फुलं बांध, दूध आटेल." इथं तसंच करतात. मी शास्त्र सांगत बसले नाही, चार दिवस मुकाट्यानं बांधली.

सुहास वाटीनं पितो ना? मला शोधत नसेल, तर तसंच लिही.

काल शेजारचं तान्हं तासभर रडत होतं. मी टिपणं लिहीत बसले. चोळी कोरडीच राहिली.

तुझी,
जयवंती