कप्तानाचा डावा हात

४ जुलै

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. डावा हात प्लॅस्टरात आहे, तेव्हा हे आशीर्वाद उजव्या हाताचे. गोड मानून घे.

अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. दुकानाच्या पायरीवर पाय घसरला आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण कात्रीवरची पकड पहिल्यासारखी येईलच असं नाही. एवढं ऐकायचा अवकाश, तुझ्या भाच्यानं दुकानासाठी माणूससुद्धा शोधला. मोबाईल दुरुस्त करणारा आहे, महिनाअखेरीला चावी हवी म्हणतो. मी सांगितलं, शिलाईचं दुकान माझं, मनगट माझं आणि चावी माझ्या कमरेला. (इथं सूनबाई लिहायची थांबली होती. म्हटलं, तुझ्या नवऱ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.)

मला एका जागी बसवून ठेवायला त्यानंच आपल्या कप्तानाचे पाचही सिनेमे टीव्हीवर लावून दिलेत. तूही तिकडे मिळव. एकेक पाहू आणि एकमेकांना कळवू. पहिल्या भागात कप्तान डाव्या हातानं दोर कापतो, आठवतं? तो सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मी आईसमोर चमचा डाव्या हातात धरला. फटका बसला तरी सोडला नाही. म्हटलं, कप्तानही डावखुरा आहे, आधी त्याला मार. आईला हसू आलं आणि तिथंच मी जिंकले. आता पुन्हा त्याच्याकडूनच बळ घेणार आहे.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच, तो वाढवायलाही माझी ना नाही.
तुझी ताई


१२ जुलै

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार. चावी अजिबात देऊ नकोस, हे आधी लिहितो, कारण पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

पहिला भाग पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. कप्तान उजव्या हातानं दोर कापतो! सिनेमावाल्यांनी चित्र सरळ उलटं करून टाकलंय. मी लगेच त्यांच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली की आजोबा, सिनेमा पहिल्यापासून असाच आहे. मी तिला सुनावलं की बाई, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा पाचही भाग आम्ही मैदानात पाहिलेत. तेही लांबून नाही, पडद्याला नाक लावून. गर्दी सगळी पलीकडच्या बाजूला, इकडे आपण दोघंच, तिकीटसुद्धा कोणी विचारत नसे.

आणि तो कोट? मी बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा तू कप्तानासारखा कोट शिवलास. पहिल्याच दिवशी सगळा डेपो हसला, बटणं बायकांच्या बाजूला आहेत म्हणून. मी छाती काढून सांगितलं की कप्तानाचा असाच आहे, कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. झिजेपर्यंत घातला. आता हे लोक मला खोटं पाडणार? मी सोडणार नाही त्यांना.

हाताला जप, भाच्याला नको.
तुझा ठोंब्या


२१ जुलै

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद, आणि फोन खाली ठेव. त्या मुलीचं काही चुकलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी सिनेमा मध्येच थांबवून कप्तानाचा कोट नीट पाहिला. बटणं पुरुषांच्या बाजूला, जिथं असायला हवीत तिथंच. पण मी एकदा पाहिलेला कपडा चुकत नाही, तूही ओळखतोस मला. मग डोक्यात उजेड पडला. अरे ठोंब्या, गर्दी पलीकडे होती कारण सिनेमा पलीकडून बघायचा होता! आपण पाचही वेळा पडद्याच्या मागं बसलो होतो. मागून सगळं आरशात दिसतं तसं दिसतं. कप्तान उजवाच.

सूनबाई हसून हसून बेजार झाली. मला मात्र हसू येईना. ज्याच्या जिवावर आईशी, मास्तरांशी भांडले, तो आपल्यातला नव्हताच. फार वाईट वाटलं. मुलानं पुन्हा चावी मागितली तेव्हा मी ती कमरेची काढून हातात घेतली होती, तुझ्यापासून काय लपवायचं.

मग राग आला, आणि चांगलाच आला. फटके कोणी खाल्ले, कप्तानानं? मास्तरांनी हात बाकाला बांधला तो कोणाचा? सगळं मी केलं आणि श्रेय इतकी वर्षं त्या परक्या माणसाला देत बसले. जिनं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून एक हात राखला, तिला दुसरा शिकवता येणार नाही होय? चावी पुन्हा कमरेला लावली. माझी डावखुऱ्यांची कात्री उजव्या हाताला नीट चालत नाही, म्हणून सूनबाईनं साधी कात्री आणली. नवऱ्याला न विचारता. (हे शेवटचं वाक्य तिनं आपल्या मनानं लिहिलंय.)

पाचवा भाग इतक्यात पाहू नकोस. मी सांगेन तेव्हा.
ताई


३ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. हे अक्षर माझं, उजव्या हाताचं. वाचता येईल तेवढं वाच.

दुकान चालू आहे. मोबाईलवाला चावी न्यायला आला, तर त्याची पँट शिवणीत उसवलेली. म्हटलं, थांब जरा, आत जाऊन काढून दे. सूनबाईनं कापड धरलं, मी मशीनवर टीप मारली. टीप नागमोडी गेली, पण पक्की बसली. तो पैसे देऊन, पँट चढवून गेला, चावीचं नावही काढलं नाही. मुलगा माझ्याशी बोलेना. मग एके दिवशी त्यानं बटण तुटलेला शर्ट मुकाट्यानं माझ्यापुढं ठेवला. मीही मुकाट्यानं लावून दिलं.

प्लॅस्टर निघालं. डावा आता कापड धरतो, उजवा कापतो. सोबत कोट पाठवते. एक बाही बोटभर लांब झालीय, ती दुमडून घे. बटणं मुद्दाम तिकडेच लावलीत. आता पाचवा भाग पाहा.

माया पूर्वीइतकीच, हात मात्र नवा.
ताई


१४ सप्टेंबर

ति. ताईस,
तुझ्या दोन्ही हातांना नमस्कार.

कोट घालून बाजारातून चक्कर मारून आलो. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं हटकलं की बटणं उलटी आहेत. मी म्हटलं, तुझी उलटी असतील.

शेजारच्या शिक्षिकेकडून तिचं सिनेमा दाखवायचं यंत्र मागून आणलं. दोन खोल्यांच्या मधल्या दारात पांढरी चादर बांधली. घरचे सगळे समोर खुर्च्यांवर बसले. मी तुझा कोट चढवला, स्टूल उचललं आणि चादरीच्या मागं जाऊन बसलो.

ताई, कप्तान डावखुराच आहे.

तुझा ठोंब्या