पायाळूची लाथ सरकारी औषधांतून कमी करण्याबाबत

प्रति,
मेहेरबान सिव्हिल सर्जनसाहेब,
जिल्हा सातारा

अर्जदार : कु. हरणाबाई सयाजी खोत, वय १४, इंग्रजी चौथी, राहणार मौजे खडकवस्ती, तालुका वाळवा

विषय : रोग्याच्या पायाला हात लावून दुखणे तपासण्याचा हुकूम होणेबाबत
संदर्भ : आमच्या गावच्या दवाखान्याची चिठ्ठी, तारीख ५ ऑगस्ट १९४६

महोदय,

आपल्या स्वतःच्या कमरेत कळ उठली तर आपण कोणाची लाथ खाता? हे साहेबांना विचारशील तर खरी, अशी पैज वर्गातील शाहजादी व शालू यांनी लावली, म्हणून प्रथम विचारले. राग मानू नये. उत्तराची गरज मात्र मलाही आहे.

१. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. पायाळूची लाथ बसली की कमरेची चमक जाते, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे दर शनिवारी आमच्या ओसरीवर माणसे पालथी पडलेली असतात. पोलीस पाटलांना लाथ घालण्याचा मान पंचक्रोशीत फक्त मला आहे. खोटे कशाला सांगू, मला ते आवडतही होते.

२. माझे वडील, आबा, पलटणीतून सुटून आले. उसाच्या बेण्याची मोळी उचलताना त्यांच्या कमरेतून पोटरीपर्यंत तापलेली तार ओढल्यागत कळ गेली. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी खिडकीतूनच विचारले, "कुठं दुखतंय?" आबा पाय दाखवायला धोतर सावरतात, तोवर घरून नेलेल्या बाटलीत गुलाबी औषध पडलेसुद्धा. वर चिठ्ठी : "पायाळूची लाथ, तीन शनिवार." मागे उभ्या साळूबाईला खोकला होता. तिलाही तेच औषध मिळाले. लाथ लिहिली नाही, हे उपकार.

३. सरकारी चिठ्ठी मोडवेना. दोन शनिवार मी लाथ घातली. तिसऱ्या शनिवारी आबा म्हणाले, "पोरी, दमानं नगं, जोरात घाल." मी घातली. उठून चार पावले गेले आणि पायातली वहाण आपोआप गळून पडली. आंगठा वर उचलेना. त्याच वेळी रांगेत शेवटी, उपरणे तोंडावर घेऊन पालथे पडलेले गृहस्थ कोण, तर खुद्द डॉक्टरसाहेब! मी त्यांना लाथ घातली नाही. याची नोंद व्हावी.

४. लष्करी इस्पितळात काम केलेले चांदसाहेब रजेवर आले आहेत. त्यांनी आबांना उताणे निजवून पाय सरळ ठेवून उचलला. वीतभर उचलताच आबा ओरडले. आंगठ्याजवळ टाचणी टोचली, तर कळलीच नाही. ते म्हणाले, "आवं, कमरंत शीर दाबलीया. हिला लाथ न्हाई, इसावा पायजे, आन् मोठा डाक्टर. उशीर केला तर पाय लुळा पडंल." एवढ्या तपासणीस, साहेब, चहा निवण्याइतकाच वेळ लागला.

तरी आबांचा पाय आपण स्वतः तपासावा. तो माझ्या लाथेने गेला असेल, तर तसेही स्पष्ट सांगावे. मी ऐकून घेईन.

आपली आज्ञाधारक, पण लाथेपुरती नव्हे,
कु. हरणाबाई सयाजी खोत
तारीख २६ ऑगस्ट १९४६

सोबत : चिठ्ठी एक, गुलाबी औषध अर्धी बाटली.

नक्कल रवाना : आई व आबा यांस, माहितीसाठी. आई म्हणते, "देवानं दिल्याला गुण हाय तुज्या पायात, टाकू नगंस." आई, मी तो टाकला. आजपासून ओसरी बंद. गुरुवारच्या पहिल्या मोटारीने आबांना घेऊन मी साताऱ्याला जाणार. भाकरी तिघांच्या बांधाव्यात, कारण तूही येणार आहेस.