वेष्टनावरचे वाक्य

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २००५

झुंबरबाई यांस,
नमस्कार. आदर्शच्या उजव्या हाताचे ऑपरेशन झाल्याचे तुमच्या मुलीकडून, अनुजाकडून कळले. डोळ्याचे मात्र पट्टी निघाल्यावरच समजेल, म्हणाली.

तुमचा मुलगा आमच्या जिन्यावरून पडला, असा जबाब मी पोलिसांना दिला आहे. तो खोटा आहे. आदर्श अजून काही बोललेला नाही. उद्या मला पुरवणी जबाबाला बोलावले आहे, म्हणून आज लिहिते. अनुजाने हे तुम्हांला मोठ्याने वाचून दाखवावे. मधले काही गाळू नये.

आदर्श आणि माझा मल्लेश तीन वर्षे आमच्या बाहेरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होते, हे तुम्ही जाणता. खेळात दोन जमाती आहेत, गडवाले आणि नदीवाले. चेहरे, घरे, झाडे सगळी आदर्शने काढली. कोण कसा चालणार आणि कसा मरणार, हे मल्लेशने ठरवले. सीडीच्या वेष्टनावर छापले आहे : 'दोन्ही जमाती समान असून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे बंधुत्व आहे.'

नऊ तारखेला, रविवारी, जयसिंगपूरच्या प्रदर्शनात एका मुलीने विचारले, नदीवाले मेल्यावर जातात कुठे? गडवाला पडला की ढोल वाजतात, त्याची समाधी उभी राहते. नदीवाल्याचे डोके फुटते, आतडी बाहेर येतात आणि दोन सेकंदांत जमीन साफ होते. मल्लेशने तिला वेष्टनावरचे वाक्य वाचून दाखवले. आदर्श सगळ्यांदेखत हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडण पेटले. मी स्वयंपाकघरात होते, असे पोलिसांना सांगितले आहे. मी मधल्या दारात उभी होते.

"मल्ल्या, वेष्टन कोण वाचतंय? खेळ लावल्यावर काय दिसतंय ते बघ की!"

"खेळ मी बनवलाय. दोघं समान हायत म्हणून मी सांगतोय, म्हणजे हायत."

"मग माझाच माणूस गायब का हुतोय?"

"मेमरी खातोय तुझा माणूस."

"आणि तुझी समाधी काय उपास धरती व्हय?"

मला हसू आले. मल्लेशने ते पाहिले.

आदर्श थांबला नाही. "माझा नदीवाला गडाच्या आतल्या दारात पाय टाकला की मरतोय. ते दार मी कुणाच्या घरातलं काढलंय, वळखलं न्हाईस व्हय?"

मल्लेशने लोखंडी स्टूल उचलले. पहिला घाव तोंडावर बसला. आदर्श टेबलाचा आधार घेऊन उठू लागला, तर त्या हातावर स्टुलाचा पाय दोनदा आला. हाडे मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. कीबोर्डच्या चाव्या उडून रक्तात पडल्या. हातावरच्या दुसऱ्या घावाआधी मल्लेशने नेम धरला. मी त्याला हाक मारली नाही. मारता आली असती.

मग आदर्श माझ्याकडे आला. एक डोळा रक्ताने मिटला होता, बोटे उलटी लोंबत होती. "बाई, पाणी," म्हणाला. माठ आत, त्याच्यापासून चार पावलांवर होता. त्याने चौकटीला डावा हात टेकला आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. तशा अवस्थेतही थांबला, झुंबरबाई. आत येऊ नको, असे त्याला आमच्या घरात कुणी कधी म्हटले नव्हते. आत ये, असेही कुणी म्हटले नव्हते. जात आम्ही विचारली नाही. आडनाव ठाऊक होते.

मी पाणी बाहेर नेऊन दिले.

वेष्टनावरचे वाक्य मल्लेशचे नाही. त्याला मराठीत धड चार ओळी लिहिता येत नाहीत. ते मी लिहून दिले. मी बी.ए. झालेली बाई. तीस वर्षे शाळेत समतेवरचे निबंध तपासले. आमच्या घरात भेद नाही, हे मी इतक्या वेळा सांगितले, की ते खरेच तसे आहे असे मला वाटू लागले होते. तुमच्या मुलाने आमचे घर जसे होते तसे काढले आणि मी तीन वर्षे ते चित्र पाहून 'छान' म्हणत राहिले.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हांला काहीतरी उत्तर द्यावे लागेल, आणि तो भार तुमच्यावर कशाला?

चन्नम्मा

१९ जानेवारी, दुपारी बारा.
पहिला जबाब खोटा होता, असे लिहून दिले. आज ठाण्यात जमा केले : लोखंडी स्टूल एक, फुटका कीबोर्ड एक, खेळाची सीडी एक. आणि मल्लेश, वय चोवीस. दंडाला धरून मीच नेला. पोच घेतली आहे.