कागदी जाळीची वाटणी

मी, सरदारबी, मरहूम महेबूब यांची बेवा, वय अदमासे सासष्ट, राहणार तेर, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय हे लिहवून घेत आहे. मला लिहिता येत नाही; बोलता येतं.

एक. निकाहाच्या वेळी नवऱ्याकडून मेहेर म्हणून मिळालेली खोली मुलगी नूरजहाँ हिची. जावयांना येडशी स्टेशनात नोकरी आहे आणि दुनियेतलं सगळं ठाऊक आहे. तरी खोलीबाबत त्यांचा सल्ला घेऊ नये.

दोन. जाड दुधी कागद उलटा ठेवून शिंगाच्या टोकानं घासला की पांढरी नक्षी उठते. ती सुईनं टोचून, कातरून जाळी होते. मोहर्रमच्या ताबूतावर तीस वर्षं लागलेली जाळी माझ्या हातची. गावाला ती माझे दीर चाँदपाशा यांची म्हणून माहीत, कारण ताबूताखाली खांदा त्यांचा आणि बढाईही त्यांचीच.

सन १९५१ साली त्यांनी माझे बारा कागद उस्मानाबादच्या प्रदर्शनात आपल्या नावानं मांडून बिल्ला आणला. सोबत गेलेल्या भीमाशंकर मास्तरांनी सांगितलं, प्रदर्शनाच्या साहेबांनी तिथंच एक फूल काढायला लावलं, तर दीर म्हणाले, डोळे आलेत. मी घरात तोंड उघडलं तेव्हा नूरजहाँचे अब्बा म्हणाले, "घराची अब्रू हाय, गप ऱ्हा." मी गप्प राहिले, पण ताबूतासाठी पुन्हा सुई धरली नाही. दिरांनी सोलापूरचा छापील कागद चिकटवला. मिरवणुकीत पावसाची भुरभुर आली नि रंग त्यांच्या सदऱ्यावर उतरला. लोक म्हणाले, चाँदपाशाचा हात गेला. हात आला कधी होता?

तीन. हत्यारं व नमुन्यांची वही बिराप्पा धनगरांची सून तारामती हिला. दोन वर्षं माझ्यापाशी बसून ती शिकली. वही घराण्याबाहेर जाऊ नये असं नातलग म्हणतात. घराण्यात सुई धरणारी मी एकटीच होते.

चार. चाँदपाशा यांना एक कोरा दुधी कागद. डोळे बरे व्हायला बारा वर्षं पुरेशी आहेत.

मसुदा वाचताना दिरांनाही बोलावलं होतं. चौथं कलम त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "भाभी, तुमचे कागद माझ्या नावानं न्यायला महेबूबभाईनंच सांगितलं व्हतं. बाईचं नाव चारचौघांत नको म्हणले. म्या नुस्ती मान हलवली."

चौथं कलम तसंच राहील. खालचं आत्ता घातलं.

पाच. माझी कबर नूरजहाँच्या अब्बांशेजारी खोदू नये. कब्रस्तानात जागा पुष्कळ आहे.

वाचून घेतलं, पटलं, अंगठा दिला.

सरदारबी, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: भीमाशंकर मास्तर (सही), दगडोबा कुंभार (अंगठा)
तेर, ता. १२ नोव्हेंबर १९६३