शनिवारी मारेन घोड्यावर बसणार

टॅमरॅक गॅप, आयडाहो
सोमवार

प्रिय डेल,

इतक्या वर्षांनी माझे अक्षर पाहून तू दचकशील, म्हणून आधी लिहून टाकते: आपली लेक सुखरूप आहे. आता पुढचे नीट वाच. मी मात्र सकाळपासून नीट बसलेली नाही; दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीतून मैदान पाहते आणि पुन्हा बसते.

मेळा शनिवारी आहे. लाकूड कापण्याच्या स्पर्धेसाठी आणलेले ओंडके नेहमीप्रमाणे गाठाळ आहेत. निवडणाऱ्याने झाड फक्त चित्रात पाहिले असावे. निवेदकही तोच, जो प्रत्येक नाव गुरांच्या लिलावासारखे पुकारतो. हे सारे मी सोसते, कारण चार वर्षे मारेन आणि मी दोघींचा आरा, ती दोन मुठींची लांब करवत, ओढतो आणि जिंकतो. यंदा ओढणार नाही. शनिवारी ती रोडिओत, उधळत्या घोड्यावर बसणार आहे. मेळ्याच्या मंडळाने मुलींना याच वर्षी परवानगी दिली. एवढी एकच सुधारणा त्यांना सुचावी, हे त्यांच्या बुद्धीला साजेसेच.

खरे तर मला मे महिन्यातच कळायला हवे होते. दोघांच्या आऱ्यात आपल्या पाळीला ओढायचे आणि समोरच्याच्या पाळीला हात नुसते सोबत जाऊ द्यायचे. ती ढकलू लागली. पाते लचकू लागले, आणि जिथे लाकडाच्या शेवयांसारख्या लांब धांदोट्या पडायच्या तिथे चुरा पडू लागला. मी म्हटले, "खांदा सैल सोड, घाई कसली आहे?" तिने मूठ सोडली. "आई, तुझ्याबरोबर आरा ओढायचा म्हणजे रोज तोंडी परीक्षा. मला घोड्यावर बसायचंय." घोड्यावरून पडल्यावर तुझ्या कमरेत बसवलेल्या धातूच्या पट्टीची मी आठवण करून दिली, तर म्हणाली, "बाबा चालतात ना अजून?" "चालतात," मी म्हटले, "पण थंडीत कसे, ते तू पाहिलेलं नाहीस." त्यावर ती, "तू तरी कुठे पाहिलंयस? तुम्ही कधीचे वेगळे राहताय." 

काल घोडे पाळणाऱ्या टकरच्या आवारात गेले, ती तिथे सराव करते. चुका शोधायलाच गेले होते. कुंपणावर बसलेला टकर म्हणाला, "या प्राध्यापिकाबाई, इथल्या घोड्यांनाही गुण देणार का? पोरगी बापावर गेलीय, बघाच." फाटक उघडले आणि तिला पाठीवर घेऊन घोडा उधळत बाहेर आला. मी तिच्या पाठीत, मानेत, हवेतल्या मोकळ्या हातात दोष शोधत होते आणि मला एकही सापडला नाही, डेल. दोष खोगिरात होता. ते टकरचे आहे आणि टकर ताडासारखा. रिकिबीचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही लांबच राहतात. पहिल्या उडीला घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकेपर्यंत टाचा त्याच्या खांद्यांवर असायला हव्यात. तिच्या तिथवर पोचल्याच नाहीत, उजवा पाय रिकिबीतून सुटला आणि ती त्याच बाजूला, कुंपणाच्या खांबाशी आदळली. उठली, धूळ झटकली आणि म्हणाली, "परत."

"पडतात हो सगळेच," टकर म्हणाला. मी त्याला सांगितले की पडण्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या मापाच्या खोगिरावरून पडण्याला आहे.

ती थांबणार नाही. एकोणीस वर्षांची आहे, आणि मी समजावून, रागावून, न बोलूनही पाहिले आहे. शनिवारी ती बसणारच. प्रश्न आता फक्त कशावर, एवढा उरला आहे. तिची उंची माझी नाही. गुडघ्यापासून टाचेपर्यंत ती तुझी आहे. म्हणून हे पत्र. तुझे खोगीर घेऊन ये; पार्सलने पाठवू नकोस, कारण पट्टे तिला बसवून बांधावे लागतात आणि ते काम मी टकरवर सोडणार नाही. गुरुवारपर्यंत पोच. ते खोगीर या उंबरठ्याच्या आत येणार नाही, असे मी म्हटले होते, आणि ते चूक होते असे मी आजही लिहीत नाही. दार मात्र उघडे असेल. शनिवारी मी फाटकापाशी उभी राहणार आहे, डोळे उघडे ठेवून, आणि तिथे एकटीने उभे राहणे मला जमेल असे वाटत नाही.

मारेनची आई, आणि अजून कायद्याने तरी तुझीच,
सॉल्व्हेग