चालत्या घरात माही जागा

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार
भाऊजीनं लिलावात घेतलेली मोटर आज दारात आली. आंधी फिरता दवाखाना होती. आत लोखंडी खाट, हात धुवाचं भांडं, फळ्याचं कपाट, हिरवा पडदा. औषधाचा वास अजून गेला नाई. भाऊजी म्हने, "वयनी, हे चालतं घर हाय." मी म्हटलं, "घर हाय तं मंग मले चुलीपाशी बसवसान, आन तुमी ओट्यावर." सुशीला, माही धाकटी जाऊ, पदरात तोंड घालून हासली. भाऊजी नाई हासले. कोर्टात कारकून हायेत, हासाले बी अर्ज लागते त्यायले.

१४ नोव्हें.
ठरलं. २६ तारखेले सहस्रकुंडाच्या धबधब्याले जाचं. सकाळी पुसदहून निघाचं, दिवस बुडता वापस. तिथंच जंगलात रोडगे, वांग्याची भाजी, वरन.
कल्पना कोनाची? माही. बारा वर्सापासून या घरात त्या धबधब्याचं नाव मीच घेऊन राह्यली. हे तिकडच्या जंगलात नाकेदार होते. सांगत, "पानी असं पडते का बाजूच्याचं बोलनं ऐकू येत नाई. तुले एकडाव भांडाले नेतो तिथं." नेलं नाई. आपनच गेले. सात वर्स झाले.

१६
भाऊजी कागद घेऊन बसले. रस्ता मलेच इचारला. ढाणकीच्या पुढं कसं वळाचं, नाला कुठं, साग कुठं दाट होते, समदं सांगतलं. आमच्या नाकेदाराच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं का न पाह्यता पाठ. भाऊजीनं लिहून घेतलं, आन वर काय लिहिलं? "रस्ता, स्वतः चौकशी करून." स्वतः!

१८
यादी पाह्यली. चष्मा लावून दोनदा पाह्यली. पुढं ड्रायव्हर आन भाऊजी. मांगं सुशीला, तिची आई, तिच्या तीन बहिनी. त्याच्याखाली गोवऱ्या, घमेलं, तूप. त्याच्याखाली, "वयनी: रोडगे भाजून देतीन."
मानसाच्या यादीत नाई. सामानाच्या यादीत!
"काहून जी?" इचारलं. म्हने, "मोटरीची पयली खेप हाय, वयनी. तिथं नारळ फोडाचा हाय. पाच सवासिनी पाह्यजे. तुमी दुसऱ्या खेपेले या."
म्हटलं, "दवाखान्याची मोटर हाय ते. तिच्यात आंधी किती मेले असतीन, मोजले काय? तिले माह्याच कपाळाचं भेव?"
उठून गेले. जेवले बी नाई नीट.

२१
रोडगे घरून भाजून पाह्यजेत म्हने. रोडगा म्हनजे काय बिस्कुट हाय? गोवऱ्याच्या आरातून काढला, राख झटकली, फोडला, तूप ओतलं, खाल्ला. ढाणकीपर्यंत त्याचा गोटा होते. धबधब्यात फेकाले न्याचे असतीन. सु. ले आर जमत नाई, वरून काळे, आतून कच्चे. तिनं सोताच सांगतलं नवऱ्याले. तरी नाई. म्हने, तिथं गरम करून घेऊ.
हरसिंग ड्रायव्हर बंजाऱ्याच्या तांड्यातला हाय. मले याडी म्हनते, म्हनजे आई. म्हने, "याडी, माहा आजा बैलावर मीठ लादून त्याच वाटेनं जाये. म्हाताऱ्या, लेकरं, चूल, समदं संग. मानूस मांगं ठेवाले घरच कुठं होतं?"
मी म्हटलं, "आमच्या साहेबाले चालतं घर भेटलं, पन अक्कल दारातच उभी हाय."
लय हासला.

२४
राग जात नाई. लोनच्यात मीठ जास्त पडलं. पडलं म्हनजे टाकलं.
सु. जवळ येऊन बसली. "आक्का, मले बी बरं वाटून नाई राह्यलं." म्हटलं, "मंग बोल ना त्यायले." बांगड्या फिरवत बसली.

२५
भाऊजीचा हुकूम. "वयनी, सकाळी मोटर निघतेवेळी समोर येऊ नोका. आतच बसजा."
मी या घरात आली तवा ताप आला का माह्याच मांडीवर निजनारं लेकरू हे भाऊजी. आता माहं तोंड नाई पाह्यजे.
"बरं," म्हटलं. "आतच बसीन." इतकी शहान्यासारखी बोलली का भाऊजी दोनदा वळून पाह्यले.

२६, रविवार. धबधब्यापाशी, यादीच्या मांगं लिहून राह्यली
आतच बसली. मोटरीच्या आत! पडद्यामांगं, गोवऱ्याच्या पोत्याले टेकून, कोनी उठाच्या आंधी. सु. नं टोपली ठेवाले पडदा उचलला. मी दिसली. तिनं पडदा सोडला आन आईले म्हने, "इकडं नोका येऊ, गोवऱ्याचा धुयडा उडून राह्यला."
उमरखेडच्या पुढं शिंक आली. तो धुयडाच.
भाऊजी वराडले, "मोटर वापस घे!" हरसिंग म्हने, "साहेब, अर्ध्या वाटेतून फिरलो तं पयली खेप मोडली. आमच्यात असं करत नाईत." पाच सवासिनी माह्याकडं पाह्यत राह्यल्या. मी म्हटलं, "निघतानी कोनाले माहं तोंड दिसलं काय? तुमीच म्हटलं, आत बसजा." कारकुनाले कलम नाई सापडलं.
आता समदे उतरले. भाऊजी म्हने, "नारळ फुटेपर्यंत उतरू नोका, वयनी. मी आवाज देतो." तूप, टोपली, घमेलं नेलं. गोवऱ्या माह्यापाशीच हायेत, कोनाच्या ध्यानात नाई.
खिडकीची काच दुधावानी. दवाखान्याची ना. उजेड दिसते, पानी नाई. पन काय घुमून राह्यलं! खाट थरथरते. हरसिंग दारातून काईतरी बोलून गेला, त्याचे नुसते ओठ हालले. आमचे हे खरं सांगत होते.
भाऊजी आवाज देईन म्हने. इथं कोनाचा आवाज ऐकू येनार हाय? दिला बी असंन.
हरसिंगनं दार लावलं नाई.